जांगडचे दोन हिरे

१

हिरा बदलल्याची बोंब पालममध्ये उठली मंगळवारी सकाळी, आणि बुधवारी दहाच्या एस.टी.नं ती पूर्णेला आली. १९७५ साल, होळी नुकतीच झालेली. मी स्टेशनसमोर सिताराम खिल्लारेच्या दुकानात बाकावर बसलो होतो. मी पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात कारकून. बुधवारी माझी सुट्टी असते आणि घरी राहिलो तर बायको काम सांगते, म्हणून हा बाक.

सिताराम घड्याळं दुरुस्त करतो. त्याआधी सहा वर्षं तो सुरतेला हिरे घासायच्या कारखान्यात चाकावर बसत होता. डोळ्यांना पाणी यायला लागलं तेव्हा परत आला आणि भिंग तेवढं सोबत घेऊन आला. बोलतो कमी. ती कसर मी भरून काढतो.

दुकानापुढं एक पन्नाशीची बाई येऊन उभी राहिली.

"खिल्लारेदादा तुमीच का? मी पालमच्या आश्रुबा सोनाराची बायको, सरजाबाई. माझ्या मालकावर चोरीचा आळ आलाय."

सितारामनं चिमटा खाली ठेवला. बाईंनी पाणी घेतलं नाही, आधी हकीकत सांगितली.

पालमचे मोठे शेतकरी आबासाहेब. त्यांच्या मुलीचा साखरपुडा पुढच्या आठवड्यात, जावई मुंबईला इंजिनियर. जावयाच्या अंगठीत हिरा पाहिजे आणि तोही पन्ना-कटाचा, म्हणजे लांबट चौकोनी आणि चारी कोपरे छाटलेला. परभणीचे दलाल दिनकरराव यांनी हैदराबादच्या एका पेढीवरून असे दोन हिरे जांगड आणले. जांगड म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या घरी ठेवून जायचं. पसंत पडला तर ठेवा, नाहीतर जसाच्या तसा परत. सगळा व्यवहार विश्वासावर. एका पुडीवर लिहिलं होतं 'पॉलिश उत्तम', दुसरीवर 'पॉलिश चांगली'. घरात त्यांची नावं पडली एक नंबर आणि दोन नंबर.

"रविवारी हिरे आले," सरजाबाई म्हणाल्या. "सोमवारी दुपारी आबासाहेबांचा गडी सटवाजी ते घेऊन आमच्या दुकानी आला, अंगठीचं माप घ्यायला. यांनी माप घेतलं, तासाभरात परत दिले. मंगळवारी दिनकररावांनी एक नंबरची पुडी उघडली, भिंग लावलं आन् वरडले, हा माझा हिराच न्हाई! माझा पान्यावानी साफ व्हता, ह्याच्यावर ओरखडे हायेत. कुनीतरी बदललाय!"

"वजन केलं का?"

"केलं. तितकंच भरलं. तर म्हनले, चोर हुशार हाय, वजन बघूनच बदललाय."

मग काय, संशय जायला सोनाराचं घर जवळ होतंच. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असं म्हणणाऱ्या लोकांना पुरावा लागत नाही. म्हण एका बाजूनं आणि माणूस दुसऱ्या बाजूनं उभा केला, की निकाल ठरलेला.

"तीन घरांनी अर्धवट झालेले दागिने काल परत नेले," बाई म्हणाल्या. "तीस वर्षांचं दुकान हाय, दादा. आज दिवेलागनीपत्तुर हिरा आना, न्हाई तर ठान्यात जातो, असं आबासाहेबांनी सांगितलंय. हिरा आनायचा कुठून? घेतलेलाच न्हाई."

सितारामनं दुकानाची फळी लावली. मला म्हणाला, "बाबू, चला. साडेदहाची गाडी हाय."

२

आबासाहेबांच्या घरी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मला आत बैठकीत खुर्ची मिळाली. सितारामला ओसरीवर सतरंजी मिळाली. मला ते बरं वाटलं नाही, म्हणून मीही उठून बाहेर आलो. सिताराम मात्र शांत होता.

"इथंच उजेड बरा हाय," तो म्हणाला. "हिरा सावलीतच बघावा."

आबासाहेब साठीचे, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. दिनकरराव बारीक, घामेजलेले, टोपी काढत होते आणि घालत होते. हैदराबादच्या पेढीला काय सांगायचं, ही धास्ती त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होती. त्यांनी दोन्ही पुड्या उघडून पुढं ठेवल्या.

सितारामनं आधी दोन नंबर उचलला, मग एक नंबर. दोन्हींना भिंग लावून इतका वेळ बघितलं की आबासाहेबांनी दोनदा खाकरून दाखवलं.

"दिनकरराव, ह्या पुडीवर उत्तम कोणी लिहिलं?"

"पेढीच्या यादीत होतं, त्यावरून मी लिहिलं."

"यादी वाचली, हिरा वाचला न्हाई," सिताराम म्हणाला आणि आबासाहेबांकडं वळला. "साहेब, पॉलिशच्या पायऱ्या असत्यात. उत्तम, फार चांगली, चांगली, ठीक, खराब. गोल हिऱ्याला बारीक बारीक पैलू. तो लखलखतो, तेच्यात एखादी रेघ लपून जाते. पन्ना-कटाचं तसं न्हाई. वर हा मोठा सपाट पैलू, त्याला टेबल म्हणत्यात, आन् खाली पायऱ्या पायऱ्यांचे लांब पैलू. सगळं उघडं. साफ काचेच्या खिडकीवानी. खिडकीवर एक बोट लागलं तरी दिसतं ना, तसं. म्हणून ह्या कटात पॉलिश बघूनच घ्यावी लागते."

"मग उत्तमच घ्यायचा ना?" आबासाहेब म्हणाले.

"उत्तम आन् फार चांगली, ह्यातला फरक नुसत्या डोळ्यानं तुमाला, मला, जावयाला कुणालाच दिसायचा न्हाई. चांगलीपर्यंतबी उजेडात फिरवून बघून घेता येतो. त्याच्या खाली ह्या कटात उतरू नये. ते राहू द्या. आता हे बघा." त्यानं एक नंबर माझ्या हातात दिला, भिंगही दिलं. "बाबू, टेबलावर काय दिसतं?"

मला तीन पांढुरके ओरखडे दिसले. टेबलाच्या मधून निघून ते काठाकडं गेले होते. दोन काठापाशीच थांबले होते, तिसरा मात्र काठ ओलांडून खालच्या पायरीवर उतरला होता.

"काठ ओलांडला, बरोबर," सिताराम म्हणाला. "हिरा घासताना एकेक पैलू वेगळा घासत्यात. हिऱ्याला लाकडावानी रेषा असती. एका अंगानं घासला तर घासतो, दुसऱ्या अंगानं चाक फिरतं नि हिरा तसाच राहतो. म्हणून हर पैलूची दिशा न्यारी. चाकाची रेघ आपल्या पैलूतच जन्मते आन् तिथंच संपते. शेजाऱ्याच्या घरात जात न्हाई. ही गेली. म्हंजे ही चाकाची न्हाई, हिरा तयार झाल्यावर कुणीतरी ओढलेली हाय. आन् तिच्या खाली चाकाच्या मूळच्या रेघा हायेत, अगदी बारीक, हर पैलूवर वेगळ्या दिशेनं. काचेच्या नाहीतर दुसऱ्या खड्याला अशा नसत्यात. वजनबी तितकंच भरलंय."

दिनकररावांची टोपी हातातच राहिली. "म्हणजे?"

"म्हंजे हिरा बदललाच न्हाई. हा तुमचाच हाय. उत्तम पॉलिशचा. कुणीतरी खराब केलाय."

सरजाबाई दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावून डोळे मिटले. पण आबासाहेब काही इतक्यात सोडणारे नव्हते.

"मग सोनारानंच खराब केला! त्याच्याच हातात होता!"

३

आश्रुबाला बोलावलं. पांढरी दाढी वाढलेली, डोळे खाली. तो ओसरीच्या पायरीवर बसला, वर आला नाही. सिताराम त्याच्याजवळ जाऊन खाली बसला.

"काका, सोमवारी हिऱ्याचं काय काय केलंत? सावकाश सांगा."

"काय करनार? एक नंबर मेनाच्या वडीत दाबला. टेबल खाली करून. चारी बाजूंचं माप घावतं, कोपरे किती छाटलेत ते कळतं. मग सटवाजीच्या पुढ्यातच कापडानं पुसला, पुडी बांधली, त्याच्या हातात दिली. त्यानं तसाच नेला. म्या दुसरं काई केलं असंल तर माझे हात झडू द्या."

आबासाहेबांचा गडी सटवाजी तिथंच होता. तो म्हणाला, "खरं हाय. मी तितंच बसल्तो. मेनातून काडला आन् लगेच मला दिला. मी येऊन बाईसाहेबांच्या हाती दिला." बाईसाहेब म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी गीताबाई.

"ती वडी हाय का अजून?" सितारामनं विचारलं.

आश्रुबानं बंडीच्या खिशातून रुमाल काढला. रुमालात पिवळ्या मेणाची वडी होती. "हाय की. अंगठी करायची व्हती ना." ज्या माणसाला चोर ठरवलंय तो आळ आल्याच्या दुसऱ्या दिवशीही अंगठीचं माप जपून खिशात घेऊन फिरत होता.

सितारामनं वडीवर भिंग धरलं. मग एक नंबरचा हिरा घेतला आणि जुन्या ठशाच्या शेजारी, मोकळ्या मेणात तसाच टेबल खाली करून दाबला. अलगद काढला.

"आबासाहेब, आता तुमीच बघा. डावीकडचा सोमवारचा, उजवीकडचा आत्ताचा."

आबासाहेबांनी भिंग लावलं. त्यांना सवय नव्हती, डोळा बारीक करून बराच वेळ खटाटोप चालला. शेवटी मीच बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं. आत्ताच्या ठशाच्या तळाला तीन उभ्या धाग्यांसारख्या बारीक कडा उठल्या होत्या. सोमवारच्या ठशाचा तळ सपाट होता. एकही कड नव्हती.

"ओरखडा खोल असतो, म्हणून मेणात उलटा उठतो," सिताराम म्हणाला. "सोमवारी उठला न्हाई. म्हंजे आश्रुबाकाकांच्या मेणातून निघाला तवा हिरा साफ होता. तिथून पुडीत, पुडीतून सटवाजीच्या हातात, आन् तिथून ह्या घरात."

साप समजून कालपासून सगळे एकाच माणसाला बडवत होते, आणि आता जो तो आपापल्या काठीकडं बघत होता.

४

"घरातली कोण माणसं हात लावणार?" आबासाहेब गुरकावले. "मी सोमवारी दुपारीच गंगाखेडला गेलो होतो, व्याह्यांकडं. मंगळवारी सकाळी दिनकररावांच्या सोबतच परत आलो. मुलगी मामाकडं गेलेली. किल्ली हिच्याकडं."

दाराच्या आतून गीताबाईंचा आवाज आला. त्या बाहेर आल्या नाहीत. त्या घरातल्या बायका परक्या पुरुषांपुढं येत नसत.

"मी कपाटात ठेवला, कुलूप लावलं. त्या खोट्या खड्यापायी आमच्या घराची चौकशी कामून चाललीय? ज्यानं खोटा दिला त्याला इचारा की."

सिताराम एकदम थांबला. मग माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाला, "बाबू, तुमाला आत जाता येतं. कपाटाला आरसा हाय का बघा. आसंल तर खालच्या कोपऱ्यात बोट फिरवून या."

मी पाणी मागायच्या मिषानं आत गेलो. कपाट शिसवी, दाराला लांब आरसा. मी खाली वाकलो. उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, बोटाला लागले. दोन ओरखडे, शेजारी शेजारी, ताजे. बोटाला काचेची किंचित भुकटी आली.

बाहेर येऊन मी सितारामला बोट दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि दोन नंबरचा हिरा उचलून आबासाहेबांपुढं धरला.

"ह्याचा हा एक कोपरा बघा. बाकीचे तीन धारदार, हा जरासा पांढरा पडलाय. हिऱ्याला ओरखडा कशानं पडतो, आबासाहेब?"

"हिऱ्यानंच. लहान पोर सांगेल."

"आन् सोमवारी रात्री ह्या घरात हिरे किती होते?"

"दोन," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं.

५

सिताराम उभा राहिला. तो आबासाहेबांशी बोलत नव्हता, दाराशी बोलत होता.

"ज्यानं कुणी हे केलं त्यानं चोरी केलेली न्हाई. त्याला शक आला. सोनाराच्या हातून आलेला हिरा खरा हाय का बदललेला, हे बघायचं होतं. सगळे करत्यात तेच त्यानं केलं, काचेवर ओढून बघितला. दोन्ही हिऱ्यांनी काच कापली. मग आता खरा कुठला, खोटा कुठला? तर एक दुसऱ्यावर घासला. ज्याच्यावर ओरखडा उठंल तो खोटा, असा हिशेब. तिथं चुकलं. दोन खरे हिरे घासले तरी एकावर उठतोच. मघा म्या सांगितलं, हिऱ्याला रेषा असती. एक अंग नरम, एक कठीण. दोन नंबरचा कोपरा एक नंबरच्या टेबलावर नरम अंगानं फिरला. खोटा न्हाई तो. आन् दिनकररावबी कालपासून बदलला बदलला म्हणायलेत, खोटा कुणीच म्हटला न्हाई. खोटा हा शब्द मघा पहिल्यांदा ह्या दाराआडून आला."

तो खाली बसला. दार हळूच उघडलं.

गीताबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, चेहरा पांढराफटक. त्यांनी कोणाकडं बघितलं नाही, आश्रुबाकडं बघितलं.

"मी घासला," त्या म्हणाल्या. "ओरखडा उठला तवा वाटलं, झालं, बदललाच. जांगडच्या मालाला मी हात लावायचा नव्हता, म्हणून रात्री गप बसले. सकाळी दिनकरराव वरडले तवा मनात म्हटलं, बघा, माझा शक खरा निघाला." "मीच ओरखडा काढला आन् मीच तो ह्यांच्या चोरीची गवाही म्हणून धरून बसले."

आबासाहेब झटक्यात उठले. "बास झालं. घरातली गोष्ट घरात राहील. दिनकरराव, जांगडच्या मालाचं नुकसान ज्याच्या घरी झालं त्याचं. एक नंबर मी ठेवला. खिल्लारे, ह्याचं काय करता येईल?"

"सुरतेला टेबल परत घासून घ्या. केसभर वजन जाईल, पॉलिश परत उत्तम होईल."

"झालं तर. लोकांना सांगू, कारखान्यातूनच तसा आला होता. आश्रुबा, तू मोकळा झालास. जा घरी."

आश्रुबा उठला. हात जोडले नाहीत. पायरी उतरताना सरजाबाईंनी त्याचा दंड धरला. मोकळा! हिरा कारखान्यातून तसा आला म्हटलं, तर गाव काय म्हणणार? म्हणणार, आबासाहेबांनी मोठ्या मनानं सोनाराला पोटात घातलं. बदनामी जिथल्या तिथं राहणार आणि वरून उपकाराचं ओझं. मला इतका राग आला की मी तोंड उघडणार होतो. सितारामनं माझा हात दाबला. तो गीताबाईंकडं बघत होता.

६

पूर्णेची शेवटची गाडी साडेपाचला. आम्ही बाजारगल्लीतून स्टँडकडं निघालो. बुधवार म्हणजे काही बाजाराचा दिवस नव्हे, पण उन्हं उतरली होती, दुकानं उघडली होती, माणसं ओट्यांवर बसली होती. आश्रुबा त्याच्या दुकानात परत येऊन बसला होता. पुढ्यात काम नव्हतं. समोरच्या पानाच्या टपरीवरून चार जण त्याच्याकडं बघून कुजबुजत होते.

तेवढ्यात गल्लीतला आवाज थांबला. मी मागं वळून बघितलं.

गीताबाई चालत येत होत्या. सोबत गडी नाही, बाई नाही. त्या घरातली बाई सोनाराकडं कधी जात नसे. सोनार वाड्यावर बोलावला जायचा आणि ओसरीवर बसून काम घ्यायचा. त्या बाजारातून भर उजेडात, पायी, सगळ्यांच्या देखत आल्या आणि आश्रुबाच्या ओट्यावर बसल्या. हातातल्या दोन्ही पाटल्या काढल्या. जुन्या, जड, काळपटलेल्या.

"आश्रुबाभाऊ," त्या म्हणाल्या, आणि टपरीवरच्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "हिरा मी खराब केला. नाव तुमचं गेलं. ह्या पाटल्या उजळून द्या. वजन करू नका. माझा इश्वास हाय."

पाटल्या वजन न करता सोनाराकडं टाकणं म्हणजे आमच्याकडं जीव हातात देण्यासारखं. टपरीवरचा एक जण उठून उभा राहिला.

आश्रुबानं पाटल्या घेतल्या. मग त्यानं काट्याची पेटी पुढं ओढली.

"न्हाई, बाईसाहेब," तो म्हणाला. "वजन हुईल. ह्या सगळ्यांच्या म्होरं हुईल. इश्वासावर तर हिरेबी आल्ते."

त्यानं काटा उचलला. पारडी वर-खाली झाली, थांबली. आश्रुबानं वजन मोठ्यानं सांगितलं, टपरीकडं बघून परत एकदा सांगितलं, आणि पाटल्या कापडात बांधल्या. मग पहिल्यांदा त्यानं गीताबाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"परवा सकाळी हुतील," तो म्हणाला. "सटवाजीला पाठवा."

"मीच येईन," गीताबाई म्हणाल्या. "वजन करून घ्यायला."